तीन मिनिटं

पावणेसहा. नऱ्ह्याच्या टेकाडावर ऊन अजून आहे,
चार नंबरच्या खोलीतून मात्र ते गेलं.
खळदकरबाई उठून बसतात,
सपाता उलट्या घालतात,
म्हणतात, "पाळी सुरू झाली, मला सोडा."
आणि हात सुटतात.

पडद्याची दोरी. बेलची वायर.
शेजारच्या भाटवडेकरबाईंची ऑक्सिजनची नळी.
माझ्या ओढणीचं टोक.
जे जे लांबट, ते इथून उपटायचं
आणि तिथे खोचायचं.
भोक नसलं, तर भिंतीतच.

आमच्या वहीत एक रकाना आहे : अस्वस्थता.
पुढे वेळ, पुढे उपाय.
मी लिहिते : ५.५०. आरडाओरडा. चावल्या (माझा डावा दंड).
उपाय : अर्धी गोळी, मऊ पट्टी.
मऊ पट्टी म्हणजे हात बांधले.
'मऊ' हा शब्द मॅनेजरसाहेबांचा.
गाठ माझी.
गाठ मला चांगली येते,
आमच्याकडे तीन म्हशी होत्या.

मुलगी येते रविवारी, सकाळी अकराला.
अकराला बाई चहात साखर कमी पडली
एवढंच म्हणतात.
तिला वाटतं, आम्ही वाढवून सांगतो.
दंड दाखवावा का, असं मनात येतं.
एकदा जाता जाता, गाडीची किल्ली शोधत,
तीच बोलली :
"आई टेलिफोनमध्ये होती. ट्रंक बोर्डवर.
एकोणतीस वर्षं, संध्याकाळची पाळी."
मी पाहिलेला पहिला फोन खिशातला.
बोर्ड म्हणजे काय, ते मी रात्री
आमच्या म्हाताऱ्या वॉचमनला विचारलं.
त्यानं हातानं हवेत दाखवलं :
इथून उपटायचं, तिथे खोचायचं.

मग तो गुरुवार. लाइट गेलेली,
पट्टी धुवायला टाकलेली,
ड्यूटीवर मी एकटी.
बाईंनी ओढणीचं टोक धरलं, मान वाकडी केली,
आणि आवाज? हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता,
इस्त्री केलेला :
"बोला, पुणे. नंबर सांगा."

गप्प बसा म्हणणार होते.
तेवढ्यात समोरच्या खोलीतून गोवईकरकाका,
दिवाळीपासून पाण्याशिवाय ज्यांनी काही मागितलं नव्हतं,
अंधारातून म्हणाले,
"बार्शी. दोनशे बारा.
पीपी. यमुनाला बोलवा."

बाईंनी टोक उशीच्या अभ्र्यात खोचलं.
"ठेवू नका. लाइन धरा."
सगळा मजला ऐकत होता.
सुर्वेकाका, रोज दार ठोठावणारे, तेसुद्धा
दारावर हात ठेवून नुसते उभे.
"रिंग जातेय."
नळीतून भाटवडेकरबाईंचा श्वास.
"रिंग जातेय. उचलत नाहीत."
"पाणी भरत असेल," काका म्हणाले, "थांबतो मी."
थांबले.
मीही. ओढणी तिकडे, मी इकडे,
गळ्याला जरा ओढ बसत होती.

लाइट आली. टीव्ही एकदम किंचाळला.
बाईंनी ट्यूबलाइटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
"ही कोण बाई?" म्हणाल्या
आणि फाडकन थोबाडीत दिली.

वहीत काय लिहिणार?
'६.१०. शांत' लिहिलं, खोडलं.
गोळी का दिली नाही, असं विचारलं असतं.
'पट्टी ओली होती' लिहिलं.

शुक्रवारी पट्टी वाळली.
डावा हात बांधला. उजवा ठेवला मोकळा.
वहीत दोन्ही.
ताटं घेऊन निघाले, तर अर्ध्या गोळीच्या झोपेत
बाई पुटपुटल्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायची?"
समोर काका घोरत होते.
मी पॅसेजमध्ये, दोन्ही हातांत आमटी.
"वाढवा," म्हणाले,
आणि ताटं खाली ठेवून
भाटवडेकरबाईंची नळी आधी परत लावली.